पडक्या घराचा षड्ज: प्रकाश आणि स्वरांच्या मांडणीच्या प्रकल्प नोंदी

ओसाड पडलेल्या एका ग्रामीण घरात प्रकाश आणि संगीत यांची मांडणी उभी करताना ठेवलेल्या या नोंदी आहेत. असेच काम हाती घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून जे बिघडले, जे बदलावे लागले आणि जिथे वेळ व साहित्य वाया गेले, ते मुद्दाम सविस्तर लिहिले आहे. कामात माझ्यासोबत एक संगीतकार सहकारी आणि एक अनुभवी सुतार होते.

८ ऑक्टोबर: पाहणी आणि परवानगी

घर बैठे आहे, त्याला मोठी मधली खोली, तिच्या पुढे ओसरी, मागे कोसळलेले स्वयंपाकघर आणि वर माळा आहे. मधल्या खोलीच्या दोन्ही टोकांच्या भिंती जाड दगडी असून लांब बाजूच्या भिंतींत दारे-खिडक्या आहेत आणि छप्पर उतरते कौलारू आहे. मालकांनी लेखी परवानगी देताना दोन अटी घातल्या: लाकडाला किंवा भिंतीला नवे भोक पाडायचे नाही, आणि काम संपल्यावर घर होते तसे परत द्यायचे. या अटींमुळे पुढे बरेच काम वाढले, तरीही त्या योग्यच होत्या असे माझे मत आहे.

सुताराने प्रत्येक तुळई टोच्याने तपासली. जुन्या घरात तुळई मध्यभागी ठणठणीत दिसते आणि भिंतीत गाडलेले तिचे टोक मात्र ओलाव्याने कुजलेले असते. म्हणून तपासणी नेहमी भिंतीलगत करावी. इथेही एका तुळईच्या टोकात टोच्या सहज आत गेला. तिच्याखाली टेकू दिला आणि मागचा कोसळलेला भाग अडथळे लावून पूर्ण बंद केला. माळ्यावर वटवाघळांची वस्ती असल्याने माळ्यावर काहीही बसवायचे नाही, आणि त्यांच्या बाहेर पडण्याच्या फटीवर प्रकाश पडू द्यायचा नाही, असे त्याच दिवशी ठरवले. फटीवर उजेड असला की वटवाघळे बाहेर पडायला उशीर करतात आणि संध्याकाळी किडे सर्वाधिक असण्याची वेळ त्यांच्या हातून जाते. म्हणून मांडणी पूर्ण अंधार पडून तासभर उलटल्यावरच सुरू होईल.

१९ ऑक्टोबर: सफाई

कोरडी विष्ठा आणि बुरशीची धूळ झाडूने उडवणे धोक्याचे असते. आधी पाण्याचा फवारा, मग खरवडून गोळा करणे, आणि पूर्ण वेळ एन-९५ मास्क, असा क्रम ठेवला. अपेक्षेपेक्षा दुप्पट वेळ लागला. जुन्या घराला सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. असे पत्रे कापू नयेत, घासू नयेत आणि त्यांना भोकेही पाडू नयेत.

२७ ऑक्टोबर: खोलीचा स्वर मोजला

मूळ कल्पना अशी होती की सहकाऱ्याने आधीच ध्वनिमुद्रित केलेली एक रचना घरात वाजवायची आणि तिच्यावर दिवे चालवायचे. आजच्या मोजणीनंतर ती कल्पना सोडून दिली.

खोलीच्या कोपऱ्यात बंद पेटीतला आठ इंची वूफर (खालचे स्वर देणारा स्पीकर) ठेवला आणि २५ ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा शुद्ध स्वर सोडला. स्पीकर कोपऱ्यात ठेवण्याचे कारण असे की खोलीच्या सर्वच अनुनादांचा, म्हणजे खोली ज्या स्वरांना घुमते त्यांचा, दाब तिथे कमाल असतो, त्यामुळे कोपऱ्यातून ते सगळे जागे होतात. मोजणीच्या मायक्रोफोनने ३५, ७०, १०५ आणि १४० हर्ट्झच्या आसपास स्पष्ट शिखरे दाखवली. दोन दगडी भिंतींमधले अंतर ४.९ मीटर आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला आणि त्याला या अंतराच्या दुपटीने भागले, तर ३५ येतात, आणि बाकीची शिखरे त्याच्याच पटीत आहेत. उतरते छप्पर आणि दारा-खिडक्यांच्या भिंती यांमुळे उंची आणि रुंदीच्या दिशेचे अनुनाद जवळजवळ दिसलेच नाहीत. म्हणजे या खोलीत एकच दिशा ठामपणे बोलते.

७० आणि १०५ यांचे प्रमाण दोनास तीन आहे. ७० ला षड्ज मानले तर १०५ हा त्याचा पंचम होतो आणि १४० हा वरचा षड्ज. समोरासमोर दोन टणक भिंती असलेल्या कोणत्याही खोलीत हे प्रमाण येणारच, कारण ते गणितातूनच येते; पण ते मोजपट्टीवर न पाहता कानाने ऐकल्यावर आम्ही दोघेही बराच वेळ कामाला हात लावू शकलो नाही. सहकाऱ्याने वाद्य जुळवण्याऐवजी घराला षड्ज विचारायचा, असे तिथेच ठरले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट चालताना कळली. दोन्ही स्वर एकत्र वाजत असताना खोलीच्या बरोबर मध्यावर उभे राहिले की पंचम नाहीसा होतो आणि फक्त षड्ज राहतो. टोकाच्या भिंतीपासून सुमारे १.२ मीटरवर, म्हणजे लांबीच्या एक चतुर्थांशावर, षड्ज विरतो आणि पंचम उरतो. भिंतीला टेकून उभे राहिले तर दोन्ही भरून ऐकू येतात. आवाज कुठेही वाढवलेला किंवा कमी केलेला नसतो. ऐकणाऱ्याची जागा बदललेली असते. या कामात प्रकाशाचे काम काय असावे याचे उत्तर मला इथे मिळाले: कोणता स्वर कुठे राहतो ते प्रकाशाने दाखवावे.

३५ हर्ट्झवर कौले खडखडू लागली आणि सांध्यांतली माती गळू लागली. त्यामुळे ५० हर्ट्झखालचे सर्व काही फिल्टरने कायमचे काढून टाकले. जुन्या घरात खालचे स्वर वाजवणाऱ्यांनी छपराखाली उभे राहण्यापूर्वी ही चाचणी बाहेर उभे राहून करावी.

५ नोव्हेंबर: दिव्यांचा पहिला आराखडा आणि तो का सोडला

मोजणीपूर्वीच मागवलेल्या डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या एलईडी पट्ट्या आल्या होत्या. संगीताच्या चढ-उतारानुसार रंग आणि तेज बदलणारी ही सर्वात सोपी आणि सर्वात प्रचलित रचना आहे, म्हणून ती लावून पाहिली.

तांत्रिक अडचणी दोन आल्या. या पट्ट्या ५ व्होल्टवर चालतात आणि पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येक बिंदू ६० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेतो. ३०० बिंदूंना १८ अँपिअर लागतात. एका टोकाने वीज दिल्यावर दूरचे टोक पिवळट-तांबूस झाले, कारण निळ्या आणि हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागते आणि पट्टीत व्होल्टेज घसरले की आधी तेच मंदावतात. दोन्ही टोकांनी वीज दिल्यावर हे सुटले. दुसरी अडचण अशी की नियंत्रक ३.३ व्होल्टचा संकेत देतो आणि पट्टीला किमान ३.५ व्होल्ट अपेक्षित असतात. त्यामुळे मधूनमधून वेडेवाकडे बिंदू लुकलुकत. संकेताचे व्होल्टेज वाढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप आणि संकेताच्या तारेवर ३३० ओहमचा रोधक लावल्यावर तेही थांबले.

सर्व काही नीट चालू झाले तेव्हा मांडणी मात्र फसलेली दिसली. स्वराबरोबर प्रकाश उसळू लागला की डोळा दिव्याकडे वळतो आणि कान मागे पडतो. भिंतीवरचा उखडलेला गिलावा, कोनाड्यातली काजळी, चौकटीवरची झीज यांतले काहीच दिसेनासे झाले. दिसत होत्या फक्त पट्ट्या. १९५२ साली फ्रान्समधील शाँबोर किल्ल्यावर पॉल रोबेर-उदँ यांनी ध्वनी-प्रकाशाचा जो प्रयोग केला, त्यात प्रेक्षक वास्तूसमोर असतात आणि प्रकाश त्यांना वास्तू दाखवतो. इथे प्रेक्षक वास्तूच्या आत आहेत, तेव्हा प्रकाशाने त्यांना आपल्याकडे खेचून घेऊन चालत नाही. पट्ट्या काढून ठेवल्या. साहित्याच्या खर्चाचा बराच मोठा भाग आणि महिन्यातले उत्तम हवामानाचे दिवस त्यात गेले.

१४ नोव्हेंबर: नवा आराखडा, तारा आणि वीज

आता फक्त पाच दिवे आहेत: एक मध्यावर, दोन चतुर्थांशांवर आणि दोन टोकाच्या भिंतींच्या पायथ्याशी. सर्व २७०० केल्विनचे उबदार पांढरे, २४ व्होल्टचे आणि रंग न बदलणारे. उबदार प्रकाशाकडे निळसर प्रकाशाच्या मानाने किडे कमी येतात, हा आणखी एक फायदा. टोकाचे दिवे भिंतीपासून जेमतेम वीतभर अंतरावर ठेवून प्रकाश भिंतीला घासत वर नेला. तोच दिवा मीटरभर मागे नेला तर भिंत सपाट दिसते. जवळ आणला की गिलाव्याची प्रत्येक पापुद्री स्वतःची सावली टाकते आणि थापीचे जुने फटकारे उमटतात.

घरात वीज नाही. जनरेटरचा विचार आवाजामुळे केलाच नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची २५.६ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली. तिच्यात १२८० वॅट-तास साठतात. ताशी सुमारे ११० वॅट-तास खर्च होत असल्याने पाच तासांच्या संध्याकाळीला निम्म्याहून कमी बॅटरी लागते. शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त पडतात, पण त्या निम्म्याहून अधिक रिकाम्या करत राहिले तर लवकर मरतात, म्हणून त्या दुप्पट क्षमतेच्या घ्याव्या लागतात आणि त्यांचे वजन उचलून आणावे लागते.

१२ व्होल्टऐवजी २४ का, याचे उत्तर तारेत आहे. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०११५ ओहम असतो. बॅटरी ओसरीच्या टोकाला ठेवल्याने दूरच्या शाखेला २० मीटर तार लागली, म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर आणि ०.४६ ओहम. त्या शाखेवर ६० वॅट चालवायचे तर १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात आणि तारेतच २.३ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. २४ व्होल्टवर प्रवाह निम्मा होतो आणि घट पाच टक्क्यांच्या आत राहते. प्रत्येक शाखेला बॅटरीलगतच स्वतंत्र फ्यूज दिला. वाळलेले लाकूड भरलेल्या घरात याबाबत तडजोड करू नये.

अटीनुसार खिळा मारता येत नव्हता. दिवे वाळूच्या पिशव्यांवर, तारा जमिनीलगत नळीतून, आणि उंचावरच्या दोन गोष्टी तुळईला रबर लावलेल्या शिकंज्यांनी धरल्या.

२२ नोव्हेंबर: शिट्टी

दिवे आणि ध्वनी पहिल्यांदाच एकत्र चालवले आणि स्पीकरमधून बारीक, सततची शिट्टी येऊ लागली. दिवे मंद होताना ती बदलत असे. पूर्ण बंद केल्यावर थांबत असे. दिव्यांचे तेज कमी-जास्त करण्यासाठी त्यांची वीज सेकंदाला हजार वेळा चालू-बंद केली जात होती, आणि हा १००० हर्ट्झचा ठोका ॲम्प्लिफायर आणि दिवे यांच्या सामाईक ऋण तारेतून ध्वनीत शिरत होता.

आधी ॲम्प्लिफायर बदलून पाहिला, मग आणखी जाड तारा टाकल्या; दोन्हींचा उपयोग झाला नाही आणि त्यात बराच वेळ गेला. उपाय तीन गोष्टींनी मिळून झाला. दिव्यांची आणि ध्वनीची ऋण तार बॅटरीच्या टोकापर्यंत वेगळी नेली, त्यांना मध्ये कुठेही एकत्र येऊ दिले नाही. संगणक आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये ध्वनीचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारा थेट न जोडता संकेत पुढे देणारे साधन) लावला. आणि दिव्यांच्या चालू-बंदचा वेग कानाच्या पलीकडे नेला. ईएसपी३२ नियंत्रकाचे घड्याळ ८० मेगाहर्ट्झचे आहे. १२ बिटांची, म्हणजे ४०९६ पायऱ्यांची, विभागणी घेतली की वेग १९.५ किलोहर्ट्झ येतो. प्रौढ माणसाला हा सहसा ऐकू येत नाही, आणि वेगळ्या तारांमुळे तो स्पीकरपर्यंत पोचतही नाही.

२९ नोव्हेंबर: मंदपणाच्या पायऱ्या

अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना प्रकाशातली सर्वात लहान पायरीही दिसते. ८ बिटांवर २५६ पायऱ्या असतात आणि दिवा विझत आला की शेवटच्या काही पायऱ्या जिना उतरल्यासारख्या मोजता येतात. १२ बिटांवर ४०९६ पायऱ्या मिळाल्या, त्यावर डोळ्याच्या संवेदनेनुसार वक्र बसवला, तरी अगदी तळाशी दिवा काळाच राहत होता आणि मग एकदम उजळत होता. कारण या वेगावर एक पायरी म्हणजे १२.५ नॅनोसेकंद, आणि आमचा मॉसफेट, म्हणजे दिव्याची वीज चालू-बंद करणारा घटक, इतक्या कमी वेळात पूर्ण उघडतच नाही. चांगली ड्रायव्हर चिप लावल्यावर सुधारणा झाली, पण पुरती नाही.

अखेर उपाय विजेतला नव्हता. दिव्यातल्या एलईडी पट्टीची लांबी एक तृतीयांश केली आणि तिच्यापुढे जाड सुती कापडाचे दोन थर लावले. आता तोच मंद प्रकाश मिळवण्यासाठी दिव्याला पूर्वीपेक्षा बऱ्याच वरच्या पायऱ्यांवर चालावे लागते आणि तिथे पायऱ्या दिसत नाहीत. ज्यांना खूप मंद प्रकाश हवा आहे त्यांनी मोठा दिवा विजेने दाबण्याऐवजी मुळातच दुबळा दिवा घ्यावा, हे मी आता ठामपणे सांगेन.

६ डिसेंबर: दार

वूफर फक्त षड्ज आणि पंचम धरतो. सहकाऱ्याने गजाने वाजवलेल्या तारवाद्याचे वरचे दीर्घ स्वर खोलीतल्या जुन्या दाराच्या फळ्यांमधून यावेत अशी इच्छा होती. एक्सायटर हे शंकू नसलेले स्पीकरच असते. ते ज्याला टेकेल त्याला कंपित करते. शंभर हर्ट्झखाली ते फारसे काही करत नाही, पण तारवाद्याला ते पुरेसे आहे.

नेहमीचा उपाय म्हणजे चिकटपट्टी, पण तिने उन्हा-पावसाने भुसभुशीत झालेल्या लाकडाचा पापुद्रा निघाला असता. सुताराने दाराच्या मागच्या आडव्या पट्टीवर पाचर मारून बसणारा लाकडी ठोकळा केला आणि एक्सायटर त्या ठोकळ्यावर स्क्रूने बसवला. फळीच्या मध्यावर आवाज बोदा येत होता. कडेपासून फळीच्या एक तृतीयांश अंतरावर सरकवल्यावर मोकळा झाला.

एका विशिष्ट स्वरावर मात्र दार खणखणत होते. हाताने एकेक भाग दाबून धरत गेल्यावर सापडले की कडीची साखळी कोयंड्याला आदळते आहे. साखळीच्या प्रत्येक दुव्याचा आतला भाग झिजून चकचकीत झाला होता आणि नेमका तोच भाग कोयंड्याच्या झिजलेल्या खाचेत बसून थरथरत होता. नमद्याचा तुकडा घातल्यावर आवाज पूर्ण थांबला. मग सहकाऱ्याने तो तुकडा काढायला सांगितला. त्याने त्या स्वराची जोरातली जागा रचनेत एकाच ठिकाणी ठेवली आणि इतरत्र तो स्वर साखळी हलणार नाही इतका हळू केला. आता कडी एका ठरलेल्या क्षणीच वाजते. माझ्या मते संपूर्ण मांडणीतला हा सर्वात चांगला निर्णय आहे.

वूफर, दार आणि तारवाद्याचे तुकडे यांचे आवर्तन अनुक्रमे ७, ११ आणि १३ मिनिटांचे ठेवले. तिन्ही पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला १००१ मिनिटे, म्हणजे साडेसोळा तासांहून अधिक लागतात, त्यामुळे एका संध्याकाळी काहीही जसेच्या तसे परत येत नाही आणि तासांची रचना आधी लिहून ठेवावी लागत नाही.

१५ डिसेंबर: थंडी आणि बेसूर

दुपारी जुळवलेली खोली रात्री बोलेना. तोच वूफर, तीच जागा, तरी षड्ज पोकळ झाला आणि मध्यावरची जादू नाहीशी झाली. स्पीकर, तारा, ॲम्प्लिफायर सगळे तपासून झाल्यावर पुन्हा मोजणी केली, तेव्हा शिखरच ७० वरून खाली सरकलेले दिसले.

थंड हवेत ध्वनी हळू चालतो. २५ अंश सेल्सियसला त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४६.५ मीटर असतो, १० अंशांना ३३७.४. आमच्या खोलीत याचा अर्थ दुपारी ७०.७ आणि रात्री ६८.९ हर्ट्झ असा होतो. फरक सुमारे १.८ हर्ट्झचा. संगीताच्या भाषेत जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा. खोलीतले अनुरणन (आवाज थांबल्यावर तो घुमत राहण्याचा काळ) सुमारे एक सेकंद आहे, त्यामुळे अनुनादाची रुंदी दोन-सव्वादोन हर्ट्झ येते. शिखरापासून इतके सरकलो की आपण उताराच्या पायथ्याशी पोचतो.

ध्वनिमुद्रित षड्ज असता तर इथे काही करता आले नसते. सुदैवाने वूफरचे स्वर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर प्युअर डेटा या मुक्त प्रणालीत जागीच तयार होत होते. डीएस१८बी२० तापमापक खोलीत माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगला आणि षड्ज त्या तापमानावरून काढला. बदल कानाला कळू नये म्हणून तो काही मिनिटांत पसरवून लागू होतो. तारवाद्याचे तुकडेही त्याच प्रमाणात किंचित हळू वाजतात. जास्तीत जास्त फरक पावणेतीन टक्क्यांचा असल्याने वाद्याचा पोत बिघडत नाही. आता संध्याकाळ उतरत जाते तसा घराचा षड्ज उतरतो आणि त्याच्यासोबत संगीतही.

२१ डिसेंबर: दव, उंदीर, एसडी कार्ड

दवामुळे दोन जोडण्यांवर हिरवट थर चढला. सर्व जोडण्या झाकणबंद डब्यांत घेतल्या आणि डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकल्या. नळीबाहेर राहिलेली हातभर तार उंदरांनी कुरतडली आणि फ्यूज उडाला. त्याने आपले काम केले. बॅटरी अचानक काढल्यामुळे संगणकाची एसडी कार्डावरची प्रणाली बिघडली. तिची नक्कल केलेली होती म्हणून निभावले. आता कार्ड फक्त वाचता येईल अशा स्थितीत ठेवले आहे. ध्वनीही संगणकाच्या हेडफोनच्या छिद्रातून न घेता वेगळ्या डॅकमधून (डिजिटल ध्वनीचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणातून) घेतो, कारण त्या छिद्रातला खरखराट इतक्या शांत खोलीत ऐकू येतो.

२ जानेवारी: पहिले प्रेक्षक

ओळखीच्या थोड्या लोकांना बोलावले. पहिल्या गटाने उंबऱ्यातच मोबाइलचे दिवे लावले आणि त्यानंतर त्यांना खोलीत काहीच दिसले नाही. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी अंधाराला दहाएक मिनिटांत सरावतात. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि एका झगमगाटाने ती सगळी तयारी वाया जाते. उपाय म्हणून वाटेवर जमिनीलगत गडद लाल दिवे लावले, कारण दंडपेशी लाल प्रकाशाला जवळजवळ दाद देत नाहीत, आणि ओसरीवर अंधुक उजेडात थांबण्याची जागा केली. तिथे लोक मंद प्रकाशात बसतात, मोबाइल खिशात ठेवतात आणि मग आत येतात.

दुसरी अडचण मोठी होती. लोक आत येऊन एका जागी उभे राहिले आणि तिथेच ऐकत राहिले. जो मध्यावर उभा राहिला त्याला पंचम कधीच भेटला नाही. चालायला सांगणारी पाटी लावण्याची सूचना आली. मला ती मान्य नव्हती.

तोवर दिवा आणि त्याचा स्वर एकाच वेळी चढत होते. तो क्रम बदलला. आता चतुर्थांशावरचा दिवा आधी हळूहळू चढू लागतो, मध्यावरचा उतरतो, आणि पंचम त्यानंतर काही सेकंदांनी येतो. माणूस अंधाराकडून उजेडाकडे आपोआप सरकतो. तो तिथे पोचतो तेव्हा स्वर त्याच्या पावलांखाली उमलत असतो आणि दोन पावले मागे घेतली की विरतो. हे एकदा लक्षात आले की लोक स्वतःहून मागे-पुढे जाऊ लागतात, भिंतीला कान लावतात, दिवा नसलेल्या जागाही शोधतात. एका आजी टोकाच्या भिंतीला पाठ टेकून बसल्या आणि उठल्याच नाहीत. दोन्ही स्वर तिथेच पूर्ण भरतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

दार उघडे असले की अनुनाद लक्षणीय ढिला पडतो, म्हणून एका वेळी आठच जण आत घेऊन दार ओढून घेतो. कडी लावत नाही, आणि दाराजवळ लाल दिवा व एक माणूस कायम असतो.

१० ते २४ जानेवारी: खुल्या संध्याकाळी

फारशी नवी अडचण आली नाही. जोराचा वारा असलेल्या संध्याकाळी कौलांच्या आवाजात तारवाद्य बुडाले. आवाज वाढवून पाहिला तर घर ओरडल्यासारखे वाटले, म्हणून अशा रात्री फक्त वूफर आणि दिवे चालू ठेवले आणि तेही पुरेसे ठरले. पहाटे तापमान शून्याजवळ गेले तेव्हा बॅटरी घरातून उचलून आणली. या प्रकारची बॅटरी शून्य अंशांखाली चार्ज केली तर कायमची बिघडते. तेवढ्या थंडीत तिच्यातून वीज घेता येते, तिला देता येत नाही.

१ फेब्रुवारी: उतरवणी

शिकंज्यांच्या रबराचे पुसट काळे ठसे तुळईवर राहिले होते. ते कोरड्या फडक्याने निघाले. दाराचा ठोकळा पाचर सैल करून काढला, लाकडावर खूण नाही. कुजलेल्या तुळईखालचा टेकू मालकांच्या संमतीने तसाच ठेवला आहे. कोसळलेल्या भागाचे अडथळेही ठेवले आहेत, कारण या दिवसांत लोकांना या घराची वाट कळली आहे आणि ती लगेच विसरली जाणार नाही.

तारा, दिवे, ॲम्प्लिफायर आणि संगणक पुन्हा वापरता येतील. कापडाचे थर दमट होऊन डागाळले, ते टाकले. ५ व्होल्टच्या पट्ट्या अजून खोक्यातच आहेत. दुसऱ्या कुणाला हव्या असतील तर द्यायच्या आहेत. बॅटरी निम्मी भरून, फ्यूज काढून, कोरड्या जागी ठेवली आहे आणि दर काही महिन्यांनी तिचे व्होल्टेज तपासायचे आहे. खोलीचे माप, पाचही दिव्यांच्या जागा आणि प्युअर डेटाची फाइल मालकांकडेही दिली आहे, म्हणजे पुढे कुणाला याच घरात काम करायचे झाले तर त्यांना ४.९ मीटरपासून सुरुवात करता येईल.